आठ दिवसांपुरती तार

वैजीनाथ जीपखाली पाठीवर सरकला आणि त्याने तेलाच्या चेंबरवरून हात फिरवला, तेव्हा त्याचं मधलं बोट पेरभर आत गेलं. दगड लागून पत्रा फाटला होता. त्याने बोट बाहेर काढून उजेडात धरलं. तेलाचा थेंबही लागला नव्हता.

"चेंबर फुटलंय," तो खालूनच म्हणाला. "तेल समदं सांडून गेलं. कोरडंच पळलं हे इंजिन."

"ते मला ठाऊक हाय," दिनकरराव वरून म्हणाले. "बोरीपासून झरीपर्यंत रस्त्यानं तेलाची रेघच हाय. तुमी आधी दिव्याचं सांगा."

पडल्यापडल्या वैजीनाथला दोनच गोष्टी दिसत होत्या. एक दिनकररावांच्या करकरीत वहाणा, आणि दुसरे पलीकडे जुन्या टायरवर बसलेल्या त्यांच्या ड्रायव्हरचे, चंद्रभानचे, अनवाणी पाय. वहाणा एका जागी ठरत नव्हत्या. पाय हलत नव्हते.

दिनकरराव चारठाण्याचे. घरची जमीन मोठी, शब्दाला गावात वजन. सात-आठ वर्षांपूर्वी त्यांनी सरकारी लिलावात ही जीप घेतली. तेव्हा ती पेट्रोलची होती, आणि पेट्रोलची जीप पाळणं म्हणजे दारात हत्ती बांधणं. म्हणून दोन वर्षांखाली त्यांनी ती परभणीला वैजीनाथकडे आणून सोडली. जिंतूर रोडवर, लिंबाखाली चार पत्रे उभे करून थाटलेलं वैजीनाथचं गॅरेज. दिसायला गबाळं, पण नाव असं की सेलू-गंगाखेडहून लोक गाड्या घेऊन यायचे. जीपमधलं पेट्रोलचं इंजिन उतरवून त्या जागी जुन्या टेंपोचं डिझेल इंजिन बसवायचं, ही त्याची खासियत. एकाचं काळीज दुसऱ्याच्या छातीत, आणि वर ते धडधडलंही पाहिजे. वैजीनाथच्या हातून ते धडधडायचं.

"आईला डोळ्याच्या आपरेशनला आनायलो होतो," दिनकरराव सांगू लागले. खरं तर ते तिसऱ्यांदा सांगत होते. "काल नामांतराच्या बंदमुळं एस्ट्या बंद. म्हनून जीप काढली. ह्या बहाद्दराला बोरीजवळ दगड लागला. बरं, लागला. दगड कुनालाबी लागतो. पन तेल गेल्यावर लाल दिवा लागतो का न्हाई? तेवढ्यासाठीच तर तो दिवा दिलाय. लगीच थांबला असता तर चेंबरवर भागलं असतं. हा तसाच दामटत राहिला. झरीच्या अलीकडं इंजिन जाम. पंच्याहत्तर वर्षाची माझी आई दोन तास बाभळीखाली उन्हात बसली. डाक्टर निघून गेला. आता तारीख पुढच्या महिन्यात."

"मालक, दिवा लागला न्हाई," टायरवरून चंद्रभान म्हणाला. आवाज मोठा नव्हता. तोही हे तिसऱ्यांदा म्हणत असावा.

"बघा. ऐकलं? मिस्त्री, तुमीच बघून सांगा आता. तुमचा शब्द मला परमान."

वैजीनाथ जीपखालून निघाला. हात पुसायला त्याने जरुरीपेक्षा जास्त वेळ लावला. मग तो स्टिअरिंगमागे बसला.

समोरच्या पत्र्यावर शेजारीशेजारी दोन लाल दिवे होते. एक बॅटरीचा, म्हणजे डायनामो वीज देत नसला तर लागणारा. दुसरा तेलाचा. चावी फिरवली की दोन्ही लागायचे आणि इंजिन सुरू झालं की विझायचे. चालत्या गाडीत तेलाचा दिवा लागला तर तिथल्या तिथे इंजिन बंद करायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

त्याने चावी फिरवली. दोन्ही दिवे लालभडक पेटले.

"लागतोय," वैजीनाथ म्हणाला.

एवढा एकच शब्द. तो खोटा नव्हता, आणि खरा तर मुळीच नव्हता.

"झालं!" दिनकररावांनी मांडीवर थाप मारली. "तवा लागला न्हाई आन आता लागतो? दिव्याचं काय तुझ्याशी वैर हाय का रे?"

चंद्रभान उठून जीपपाशी आला. खिडकीतून त्याने त्या दिव्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ओळखीचा माणूस भर बाजारात ओळख दाखवीना, तर आपण जसं पाहू तसं.

"नऊ वर्ष झाले तू माझ्याकडं," दिनकरराव आवाज जरा खाली आणून म्हणाले. "मला काय हौस न्हाई. पन खोटं मला चालत न्हाई. पुढच्या सोमवारी महादेवाच्या देवळात बेलभंडार उचल. दिवा लागला न्हाई म्हन देवापुढं. म्या पुन्हा ब्र काढनार न्हाई. न्हाई उचलला, तर तुजा रस्ता तुला मोकळा."

मग ते आईची सोय बघायला निघून गेले. इंजिन खोलायला, उतरवायला, बसवायला ड्रायव्हरने गाडीपाशी राहायचं, ही रीतच होती. चंद्रभान राहिला.

*

तो दिवा न लागण्याचं कारण वैजीनाथला ठाऊक होतं. त्याच्या घराबाहेर ते कुणालाही ठाऊक नव्हतं.

दोन वर्षांखाली इंजिन बसवलं, तेव्हा सगळं जुळलं होतं, फक्त तेलाच्या दाबाचा स्विच जुळेना. टेंपोच्या इंजिनाचा स्वतःचा स्विच तुटलेला आणि जीपच्या स्विचचे आटे वेगळे. नवा मागवायचा तर आठ दिवस. इकडे दिनकररावांच्या लेकीचा साखरपुडा दुसऱ्या दिवसावर आलेला, आणि ते गॅरेजात खुर्ची टाकून बसलेले. तेलाचा दिवा मेलेला दिसला असता तर लगेच म्हणाले असते, मिस्त्री, काम अर्धवट ठेवलंत. तेव्हा वैजीनाथने एक युक्ती केली. तेलाच्या दिव्याची तार त्याने बॅटरीच्या दिव्याच्या तारेला नेऊन जोडली. झालं! चावी फिरवली की दोन्ही लागायचे, इंजिन फिरलं की दोन्ही विझायचे. दिवा जिवंत दिसायचा. तेलाशी मात्र त्याचा काडीचा संबंध उरला नव्हता. चेंबरमधलं सगळं तेल सांडून गेलं तरी त्याला त्याची खबर लागणार नव्हती.

आठ दिवसांपुरतं, असं तो स्वतःला म्हणाला होता. खरी गोष्ट अशी की त्या दिवशी त्याला आपल्या डोक्याचं कौतुकच वाटलं होतं. घरी जाऊन त्याने बायकोला, छबूबाईला, ते सांगितलंही होतं. ती म्हणाली होती, "बरं झालं, वेळ भागली."

आठ दिवसांनी स्विच आला. कागदात गुंडाळलेला तो स्विच वैजीनाथने बिस्किटाच्या डब्यात टाकला. दिनकररावांची गाडी पुढच्या वेळी आली की बसवू. गाडी पुढच्या वेळी आली, ती ब्रेकच्या कामाला. त्याच्या पुढच्या वेळी पाट्याच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, कामाला. दर वेळी घाई, आणि दर वेळी दोन्ही दिवे असे शहाण्यासारखे लागायचे आणि विझायचे, की आठवण यावी कशी? डबा फळीवर होता. स्विच डब्यात होता. आजही होता.

*

इंजिन उतरवायला दीड दिवस गेला. क्रँक, म्हणजे इंजिनाचा दांडा, ग्राइंडिंगला नांदेडला पाठवावा लागला. चंद्रभान पडेल ते काम करायचा. नट रॉकेलमध्ये धुवायचा, पुसून ओळीने मांडायचा, मागितला पाना हातात द्यायचा. दुपारी छबूबाईचा डबा यायचा. चंद्रभानच्या गाठोड्यात त्याच्या बायकोने बांधून दिलेल्या दशम्या होत्या. त्यातली एक तो न चुकता वैजीनाथच्या पुढे ठेवायचा.

"घ्या मिस्त्री. आमच्या कडूबाईच्या हातच्या हायत. पाच दिस टिकत्यात."

वैजीनाथ घ्यायचा. भाकरी कुणाचीही असो, ती इतकी जड असते हे त्याला पन्नाशीत कळत होतं.

तिसऱ्या दिवशी जेवताना चंद्रभान आपणहून बोलला.

"मिस्त्री, मला आता माजाच शक यायलाय."

"कसला?"

"दिवा लागला बी असंल. आई मागं बसलेल्या, त्यांना गचके बसू नयेत म्हनून माजं समदं ध्यान खड्ड्यावर. दगड लागला तवा खाली उतरून बघाया पायजे व्हतं. पन म्हनलं, दिवा हाय की. काय झालं असंल तर दिवा सांगंल." त्याने दशमीचा तुकडा मोडला. "त्या दिव्यावर माजा लय भरवसा व्हता. दोघंबी संगं लागायचे, संगं इझायचे. म्या त्यांना राम-लक्ष्मन म्हनायचो. मालकाची आई लय हसायच्या."

वैजीनाथने पाण्याचा तांब्या उचलला, प्याला नाही, आणि पुन्हा खाली ठेवला. सांगायला ही वेळ चांगली होती. समोर एकच माणूस, आणि तोही असा की ऐकून अंगावर धावून येणारा नव्हे. जीभ दातापर्यंत आली. आणि नेमकं तेव्हाच त्याला दिनकररावांचं वाक्य आठवलं, तुमचा शब्द मला परमान. तीस वर्षं नट फिरवून कमावलेलं नाव होतं ते. उद्या हीच गोष्ट सेलूला जाईल, गंगाखेडला जाईल. वैजीनाथ दिवे खोटे लावतो. मग लिंबाखाली कोण गाडी उभी करील?

"जेव," तो म्हणाला. "गार व्हायलंय."

शुक्रवारी कडूबाई स्वतः आली. सकाळच्या एस.टी.ने आली होती, दुपारच्या एस.टी.ने जायचं होतं. उंच, काटक, बोलायला नवऱ्यापेक्षा धीट. तिने दशम्यांचं नवं गाठोडं नवऱ्याकडे दिलं, तो हातपाय धुवायला नळावर गेला, तशी ती वैजीनाथपाशी येऊन उभी राहिली.

"दादा, एक इचारू का? त्यो दिवा खरंच लागतो?"

वैजीनाथच्या हातात व्हॉल्व्ह होता. तो घासत राहिला.

"म्या बघितलं तवा लागला."

"मग ह्यांचंच चुकलं म्हनायचं." तिने पदर खोचला. "ऊसतोडीचा मुकादम आलता. सोमवारी हो का न्हाई ते सांगायचंय. ह्यांची ड्रायव्हरकी गेली तर जावंच लागतंय. आमचं काय न्हाई वो, आमी तोडू ऊस. पोरगी पाचवीला हाय. सा महिने तिला संगं नेली की साळा सुटली. एकदा सुटली की मंग कुनी बसवत न्हाई." मग ती म्हणाली, "तरी म्या ह्यांना म्हनते, उचला बेलभंडार. नऊ वर्षात खोटं बोलले न्हाईत, आता कशाला बोलतील? तर म्हनत्यात, माजी खातरी न्हाई."

ती गेली. वैजीनाथने तोच व्हॉल्व्ह पुन्हा घासायला घेतला.

दुसऱ्या दिवशी नांदेडहून क्रँक आला, इंजिन बांधून झालं. रविवारी सकाळी चंद्रभान चहा सांगायला नाक्यावर गेला, तेव्हा वैजीनाथने फळीवरचा बिस्किटाचा डबा काढला. कागद सोडवला. दोन वर्षांनी तो स्विच आपल्या जागी बसला, आटे अगदी नेमके. मग त्याने ती जुनी जोडणी कापली, तेलाच्या दिव्याची तार सोडवून स्विचला नेली, आणि जुन्या जागी अशी काळी टेप गुंडाळली की तिथे कधी काही होतं असं कुणालाही वाटू नये. हात सफाईदार होते. नीट करतोय की लपवतोय, हे त्याचं त्यालाच कळेना. काम मात्र दोन्हीचं एकच होतं.

दुपारी इंजिन सुरू केलं. चंद्रभान चावीवर होता. इंजिन पहिल्या हाकेला उठलं आणि त्याचा चेहरा उजळला. मग तो समोरच्या पत्र्याकडे पाहू लागला.

"मिस्त्री, हे मागंपुढं इझायलेत की."

"काय?"

"दिवे. आधी बॅटरीचा इझला, मंग थोड्या वेळानं तेलाचा. पहिलं असं न्हवतं."

"इंजिन आता नव्यावानी हाय ना," वैजीनाथ म्हणाला. "म्हनून."

"हां," चंद्रभान म्हणाला. त्याला ते पटलं. मिस्त्रीने सांगितलेलं त्याला पटायचंच.

आजवर वैजीनाथने फक्त खरं दडवलं होतं. हे पहिलं सरळ खोटं, आणि तेही किती सहज निघालं!

*

सोमवारी गाडी पोचती करायला वैजीनाथ स्वतः चारठाण्याला गेला. जायची गरज नव्हती. पण रविवारी रात्रभर तो या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला होता, आणि पहाटे छबूबाईला एवढंच म्हणाला होता की चारठाण्याला जाऊन येतो. चंद्रभान जीप चालवत होता.

गावाबाहेरच्या जुन्या देवळापुढे जीप थांबली. दिनकरराव ओट्यावर बसले होते. "मिस्त्री, बरं झालं आलात," ते म्हणाले. "तुमीबी बसा. चहा ठेवायला सांगितलाय." कडूबाई दगडी खांबाला टेकून उभी होती. गुरवाने आतून तांब्या, बेलाची पानं आणि भंडारा आणला, चंद्रभानच्या तळहातावर पान ठेवलं, वर चिमूटभर भंडारा टाकला.

"बोल," दिनकरराव म्हणाले.

चंद्रभानने डोळे मिटले. मग त्याने डोळे उघडले.

"मालक, मला दिवा दिसला न्हाई. एवढं म्या कवाबी सांगंन. पन लागला न्हाई असं कसं सांगू? मिस्त्रीनं चावी फिरवून माज्यादेखत लावून दाखवला. त्यांचा हात खोटा न्हाई. माजे डोळे खोटे असतील." आणि त्याने बेलाचं पान अलगद पायरीवर ठेवलं.

कडूबाईने खांबाचा आधार सोडला. "चला," ती नवऱ्याला म्हणाली. "मुकादमाला हो म्हनून सांगते."

"थांब," वैजीनाथ म्हणाला.

त्याचं त्यालाच ते मोठ्याने वाटलं. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"त्याचे डोळे खरे हायत. दिवा लागला न्हाई. लागूच शकत न्हवता. म्या त्याची तार बॅटरीच्या दिव्याला जोडून ठेवली व्हती, दोन वर्षांखाली. आठ दिवसांपुरती. मग ऱ्हाऊनच गेली."

दिनकररावांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग दिनकरराव हसले. हसणं उपहासाचं नव्हतं, मायेचं होतं.

"मिस्त्री, लय भले मानूस तुमी. आठ दिस एका ताटात जेवलात, जीव लागला गड्याला. मला समजतं. पन त्या दिवशी माझ्यासमोर चावी फिरवली का न्हाई? दिवा बरोबर चालतो का न्हाई?"

"चालतो. काल सकाळी तार नीट केली म्या."

"कुनी बघितलं?"

"कुनी न्हाई."

"मग?" दिनकररावांनी हात पसरले. "देवाच्या दारात दुसऱ्याचं पाप अंगावर घेनं बी बरं न्हाई."

चंद्रभान पुढे आला. त्याने वैजीनाथपुढे हात जोडले. डोळ्यांत पाणी होतं.

"माज्यापायी खोटं नका बोलू, मिस्त्री. तुमच्या नावावर लोकं गाड्या आनून सोडत्यात. माजं जाऊ द्या."

म्हणजे सुंठीवाचून खोकला गेला होता. वैजीनाथ खरं बोलून मोकळा झाला होता, आणि वर त्याचं नाव होतं त्याहून मोठं झालं होतं. आता फक्त मान खाली घालायची, चहा प्यायचा आणि परभणीची गाडी धरायची. त्याला बरं वाटलं. हे लाजिरवाणं आहे, पण खरं आहे. छातीवरचा दगड कुणीतरी अलगद उचलून नेला असं त्याला वाटलं. तेवढ्यात त्याची नजर चंद्रभानच्या जोडलेल्या हातांवर गेली. नखांत अजून गॅरेजचं काळं होतं आणि तळव्याला भंडाऱ्याचा पिवळा डाग.

वैजीनाथ उठला आणि जीपकडे गेला. त्याने बॉनेट उघडलं, खिशातून पक्कड काढली. काल गुंडाळलेली टेप सोडवायला त्याला नखं लावावी लागली, इतकी ती बेमालूम बसली होती. स्विचवरची तार त्याने काढली आणि ओढून पुन्हा जुन्या जागी पिळली. दोन वर्षांनंतरही हाताला वाट माहीत होती.

"चंद्रभान, बस. चावी फिरव."

चंद्रभान बसला. दिनकरराव ओट्यावरून उतरून खिडकीपाशी आले.

दोन्ही दिवे लागले.

"कर सुरू."

इंजिन उठलं. दोन्ही दिवे एका क्षणी विझले.

चंद्रभानचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. "राम-लक्ष्मन," तो पुटपुटला. आणि मग, कुणी विचारलं नसताना, "असंच व्हायचं, मालक. असंच."

वैजीनाथने दिनकररावांना पुढे बोलावलं. "हा तेलाचा स्विच. ह्याला आता तारच न्हाई. तरी दिवा कसा शहान्यासारखा इझला. आता चेंबरमधलं समदं तेल सांडून द्या. दिवा लागनार न्हाई. दोन वर्ष तुमी असेच फिरलात."

दिनकरराव वाकून पाहत राहिले. मोकळ्या स्विचकडे, तारेकडे, आणि मग वैजीनाथकडे. "माझी आई दोन तास..." ते म्हणाले, आणि वाक्य तिथेच सोडून ताठ उभे राहिले. बऱ्याच वेळाने ते कडूबाईकडे वळले.

"मुकादमाला न्हाई म्हनून सांग, कडूबाई. गाडी चंद्रभानकडंच ऱ्हाईल."

वैजीनाथला ते काही बोलले नाहीत. शिवी दिली असती तरी त्याने घेतली असती. "ह्यांना फाट्यावर सोडून ये," एवढंच ते चंद्रभानला म्हणाले. ठेवायला सांगितलेल्या चहाचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही.

*

फाट्यावर ऊन होतं. एस.टी.ची वाट पाहणारं दुसरं कुणी नव्हतं. जीप थांबली तसा वैजीनाथ उतरला आणि पुढे येऊन बॉनेटला हात घातला.

"तार तशीच हाय. नीट करून देतो."

"राहू द्या," चंद्रभान म्हणाला. तोही उतरला होता. त्याने हात पुढे केला. "पक्कड द्या."

वैजीनाथने पक्कड दिली. आठ दिवस तो मागायचा आणि चंद्रभान द्यायचा.

चंद्रभानने बॉनेट उचललं. पिळलेली तार सोडवली, टोक साफ केलं, स्विचवर बसवून घट्ट केलं. कुठेही विचारायला थांबला नाही. मग आत बसून त्याने चावी फिरवली, इंजिन सुरू केलं आणि समोर पाहत राहिला. आधी बॅटरीचा दिवा विझला. थोड्या वेळाने तेलाचा.

त्याने खिडकीतून पक्कड परत दिली.

"म्हंजी ते इंजिन नव्यावानी हाय म्हनून न्हवतं," तो म्हणाला.

वैजीनाथने पक्कड घेतली. जीप वळली आणि चारठाण्याच्या रस्त्याला लागली.